मातीऐवजी जेलमध्ये घरातली झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या उत्तरेकडच्या खिडकीत सात बरण्या आहेत. लोणच्याच्या, मधाच्या, एक जुनी कॉफीची. एकीतही माती नाही. भिजवलेलं जेल आणि त्यात वाढणारी झाडं. मिरज, तासगाव, कराड, साताऱ्याहून ओळखीतले लोक फोन करून जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकत्र लिहिते आहे. बरण्या दिसायला देखण्या असतात म्हणून लोक सुरुवात करतात आणि दोन महिन्यांत मूळ कुजलं की सोडून देतात. ते थांबावं एवढ्यासाठी हे लिहिणं.

हे जेल म्हणजे नेमकं काय असतं?

कोरडं असताना ते जाड्या मिठासारखं किंवा साखरेच्या खड्यांसारखं दिसतं. गोल मण्यांच्या रूपातही मिळतं. पाण्यात टाकलं की फुगून भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक होतं. हा एक पॉलिमर आहे, म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. वाकळेला ठिकठिकाणी टाके घालावेत तशा या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी आत शिरलं की साखळ्या एकमेकींपासून लांब सरकतात, पण टाक्यांमुळे सुटत नाहीत. म्हणून जेल फुगतं, विरघळत नाही. क्षार नसलेल्या शुद्ध पाण्यात ते स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरून ठेवतं.

ही कल्पना आजकालची नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून असा पदार्थ तयार झाला होता. आज बाजारात मिळणारे बहुतेक दाणे पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेट किंवा पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड या प्रकारातले असतात. पाकिटावर यांतलं नाव दिसत नसेल, तर झाडासाठी ते पाकीट घेऊ नका.

ताई, मी सांगितलंत तसंच भिजवलं, पण जेल फुगलंच नाही. दाणे खोटे आहेत का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा दोष दाण्यांचा नसतो, पाण्याचा असतो.

एकदा मी तीन ग्लास घेतले आणि प्रत्येकात पाव चमचा दाणे टाकले. एकात सोसायटीच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात नळाचं, तिसऱ्यात गच्चीवर पातेलं ठेवून धरलेलं पावसाचं. संध्याकाळी पावसाच्या पाण्याच्या ग्लासात जेल काठाला लागलं होतं आणि खडे एवढे स्वच्छ की त्यातून पलीकडच्या वर्तमानपत्राची अक्षरं दिसत होती. नळाच्या पाण्यातलं त्याहून कमी. बोअरच्या ग्लासात मात्र तळाशी बारीक, थोडे पांढरट खडे आणि वर नुसतं पाणी. दाणे एकाच पाकिटातले होते.

याचं कारण असं. जेलच्या साखळ्यांवर ऋण भार असतो. ते भार एकमेकांना ढकलतात म्हणून साखळ्या लांब जातात आणि मधे पाण्याला जागा होते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे दुहेरी धन भाराचे क्षार. ते एकेकट्यानं दोन दोन साखळ्या धरून जवळ ओढतात आणि जेल आकसतं. ज्यांच्या घरी गीझरची कॉइल पांढरी होते, बादलीच्या काठाला पापुद्रा धरतो, त्यांच्याकडे हे होणारच.

म्हणून पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. जून ते सप्टेंबर दोन कॅन भरून झाकून ठेवा. पहिल्या पावसाचं नको, त्यात छपरावरची धूळ असते. पावसाचं नसेल तर आरओचं पाणी चालतं. आरओमधून बाहेर सोडलं जाणारं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

प्रमाण किती घ्यायचं?

एक चहाचा चमचा दाणे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, एक लिटर पाण्यात. रात्री भिजवा, सकाळी चाळणीत ओता आणि पंधरा मिनिटं निथळू द्या. दाणे मूठभर टाकू नका. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण जास्त टाकतो आणि सकाळी पातेल्याबाहेर आलेलं जेल गोळा करत बसतो.

कोणती झाडं लावायची? तुळस लावली तर चालेल का?

मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, अ‍ॅग्लोनिमा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, आणि लकी बांबू म्हणून विकतात ते झाड (तो बांबू नव्हे, ड्रसीनाच्या कुळातला आहे). ही सगळी सावलीत राहणारी, पेरापासून सहज मुळं फोडणारी झाडं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं मनी प्लांट किंवा सिंगोनियमच घ्यावं.

तुळस नको. तिला रोज चार-पाच तास तरी ऊन लागतं, आणि काचेची बरणी उन्हात ठेवली की आतलं जेल तापतं. तुळशीची जागा अंगणात, गॅलरीत, मातीत आहे. गुलाब, जास्वंद, मोगरा यांचंही तेच. निवडुंग, जेड, अडेनियम ही तर पाणी खोडात साठवणारी झाडं, ती जेलमध्ये महिन्याभरात बुडातून मऊ पडतात.

मातीतलं झाड जेलमध्ये हलवायचं कसं?

घाई करू नका, अर्धा तास बाजूला काढा. झाड कुंडीतून मातीसकट काढून बादलीभर पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. माती आपोआप सैल होते. मग एका हातानं खोड धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी, केसांतला गुंता सोडवतो तसं, टोकाकडून वर येत मुळं मोकळी करा. शेवटी मंद नळाखाली धरा. मुळांच्या बेचक्यात मातीचे बारीक कण अडकून राहतात, तेच पुढे सडतात आणि वास सुटतो. सिंगोनियमच्या मुळांना तर एवढी माती चिकटते की मी जुना मऊ दातांचा ब्रश वापरते. काळी, पोकळ, चिमटीत धरल्यावर साल सुटून येणारी मुळं कात्रीनं काढून टाका.

बरणीत तळाला दोन बोटं जेल, त्यावर मुळं पसरून ठेवायची आणि भोवतीनं जेल सोडत जायचं. दाबायचं नाही. खोड जेलच्या वर राहिलं पाहिजे, मुळांचा वरचा थोडा भाग उघडा राहिला तरी उत्तम. पहिल्या आठवड्यात एखादं पान पिवळं पडेल, ते काढून टाका.

त्याहून सोपी वाट म्हणजे मनी प्लांटचं कटिंग. पेरावर तपकिरी गाठीसारखी हवेतली मुळी असते, तिच्याखाली एक इंच सोडून कापायचं आणि ते पेर जेलमध्ये जाईल असं लावायचं. या कटिंगनं माती पाहिलेलीच नसते, त्यामुळे त्याला काही विसरावं लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळी काचेतून दिसायला लागते.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजून घालू नका, जेल बघून घाला. जेलची पातळी बरणीच्या एक तृतीयांशानं खाली आली आणि वरचे खडे टोकदार, लहान झाले की थोडं पाणी. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आठवड्यानं लागतं. साताऱ्यात तेवढं लागत नाही. पावसाळ्यात तीन-तीन आठवडे हात लावू नका.

सगळ्यात जास्त बरण्या इथंच बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, ऊस आणि हळदीचं. आमचे आण्णा पाऊस झाल्यावर सकाळी बांधावर उकिडवे बसायचे, मूठभर माती घेऊन दाबायचे आणि सोडायचे. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला की म्हणायचे, "वाफसा आला." चिखल राहिला की कुणालाही रानात पाय ठेवू द्यायचे नाहीत. वाफसा म्हणजे मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांच्या मधल्या पोकळीत हवा. मूळ त्या ओलीवर आणि त्या हवेवर जगतं. हळदीच्या रानात पाणी साचून राहिलं की कंदकूज लागते, ती याचसाठी.

बरणीतल्या जेललाही वाफसा लागतो. खड्यांच्या पोटात पाणी आणि खड्यांच्या मधल्या फटींत हवा, अशी ती मांडणी आहे. आपण वरून पाणी ओततो तेव्हा आधीच फुगलेले खडे ते घेत नाहीत. ते पाणी फटीत उतरतं, तळाला साचतं, हवा वर निघून जाते. बरणीला खाली भोक नाही. मुळाला श्वास मिळत नाही, ते तपकिरी होतं, मग काळं. बाहेरून जेल चकाकत असतं, झाड मात्र आतून बुडालेलं असतं.

तेव्हा पाणी घातल्यावर तासाभरानं बरणी तिरकी करून बघा. तळाला पाणी हललेलं दिसलं तर जेलवर हात धरून ते ओतून टाका. एवढं एक केलंत तरी निम्म्या तक्रारी राहणार नाहीत.

बरणीला वास येतोय, मुळं काळी झालीत. झाड वाचेल का?

खोड घट्ट असेल तर वाचेल. झाड काढा, काळी मुळं कापा, वाहत्या पाण्यात धुवा. जेल चाळणीत घेऊन तीन-चार पाण्यांनी धुतलं आणि वास गेला तर परत वापरता येतं. नाही गेला तर टाकून द्या. बरणी साबणानं धुऊन उन्हात वाळवा. खोडच मऊ झालं असेल तर वरचा निरोगी शेंडा एक-दोन पेरांसकट कापून नव्यानं लावा.

जेल हिरवं पडलंय.

ते शेवाळ. उजेड, पाणी आणि अन्न एकत्र आलं की येणारच. थेट उन्हातून बरणी बाजूला घ्या, जेल धुवा आणि काचेला बाहेरून जाड कागदाची गुंडाळी घाला. मुळं बघायची असतील तेव्हा कागद सरकवायचा.

जेलमध्ये झाडाला लागणारं सगळं असतं, असं दुकानदार म्हणाले. खत घालायचं का?

जेलमध्ये पाणी असतं. अन्न नसतं. कटिंग पहिले दोन महिने अंगातल्या साठ्यावर वाढतं, म्हणून आपल्याला वाटतं की झाड नुसत्या पाण्यावर जगतंय. मग नवी पानं लहान आणि फिकी यायला लागतात.

आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात 19:19:19 हे विद्राव्य खत मिळतं. एक लिटर पाण्यात चिमूटभर, अर्ध्या ग्रॅमच्या वर नाही. महिन्यातून एकदा पाणी घालायच्या वेळी साध्या पाण्याऐवजी हे थोडं द्यायचं. जोडीला सूक्ष्म अन्नद्रव्याचा एखादा थेंब. शेणखत, गांडूळ खताचं पाणी, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण यांतलं काहीही बरणीत घालू नका. मातीत हे सगळं पचवणारे जिवाणू असतात, बरणीत ते नुसतं आंबतं.

इथं एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खत म्हणजे क्षारच. जास्त दिलं की जेल आकसतं. कॅल्शियमनं तर सगळ्यात जास्त, आणि नव्या पानाला, मुळाच्या टोकाला कॅल्शियम लागतंच. झाडाची गरज आणि जेलचा स्वभाव एका जागी जुळत नाहीत. म्हणून जेलला मी झाडाचं कायमचं घर मानत नाही. सहा-आठ महिने छान जातात. मग जेल बदला, किंवा झाड मातीत न्या.

पाण्यातल्या मनी प्लांटमुळे डास होतात म्हणून आरोग्य खात्याच्या ताई बाटल्या ओतायला लावतात. जेलमध्येही होतात का?

डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि मनी प्लांटची बाटली ही त्याची आवडती जागा. त्या ताई सांगतात ते अगदी बरोबर आहे, त्यांना बाटली दाखवा आणि मोकळी करा. जेलमध्ये मोकळं पाणी नसेल तर अळीला पोहायला जागाच नाही. पण तळाला पाणी साचलेली जेलची बरणी आणि पाण्याची बाटली यांत काही फरक नाही. आठवड्याच्या कोरड्या दिवशी घरातली भांडी पालथी घालता, त्याच वेळी बरण्याही तिरक्या करून बघा.

घरात दीड वर्षाची नात आहे. ठेवू का?

काकू, ठेवू नका. यात दुसरं मत नाही.

रंगीत मणी मुलांना गोळीसारखे, डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसतात. गिळलेला छोटा मणी पोटात गेल्यावर फुगत राहतो आणि आतड्यात अडकू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा दिसत नाही, म्हणून निदानाला उशीर होतो. कानात, नाकात गेला तरी तिथल्या ओलाव्यानं फुगतो. कानात पाणी किंवा थेंब घालून तो काढायचा प्रयत्न करू नका. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात जा आणि पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेत 2023 च्या अखेरीस मोठ्या दुकानांनी मुलांची खेळणी म्हणून हे मणी विकणं थांबवलं, ते याच कारणानं. आपल्याकडे जत्रेत, यात्रेत अजूनही पुड्यांतून मिळतात.

शिवाय मनी प्लांट, सिंगोनियम, डायफेनबॅकिया यांची पानं चावली तर तोंडाची आग होते. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबा. कुत्रं-मांजर असेल तरी बरणी उंचावर.

डायपरमध्येही हेच जेल असतं म्हणे. तेच काढून वापरलं तर?

डायपरमधलं जेल सोडियमचं असतं आणि सोडियम झाडाला मारक. आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायला नको. कृष्णाकाठची किती जमीन क्षारपड, चोपण झाली ते मिरज, वाळवा, पलूसच्या रस्त्यांनी जाताना दिसतं. पांढरी पडलेली माती, मधे मधे खुरटा ऊस. ते दुखणं बरणीत आणू नका.

रंगीत जेल चांगलं की बिनरंगी?

बिनरंगी. एका स्टॉलवरून मी निळे मणी आणले होते. तिसऱ्या दिवशी स्पायडर प्लांटची पांढरी मुळं निळी झाली. पण रंगापेक्षा मोठा तोटा हा की, त्या निळ्यातून मूळ तपकिरी झालेलं मला दिसलंच नाही. बरणी पारदर्शक ठेवायची ती मूळ दिसावं म्हणून.

आम्ही फलटणचे. माउलींची पालखी इथूनच जाते आणि आम्ही दोघंही वारीला जातो. तीन आठवडे कुंड्या टिकतील का?

दादा, तुमच्यासाठी जेल मातीऐवजी नाही, मातीत घालायचं. एक किलो मातीला 1 ते 2 ग्रॅम कोरडे दाणे पुरतात. दाणे आधी भिजवून घ्या आणि मगच मातीत मिसळा. माझ्या जावेनं कोरडेच मिसळले, तेही अंदाजानं, आणि कुंडी गळ्यापर्यंत भरली. पाणी घातल्यावर रात्रीतून माती काठाच्या वर आली आणि झाड एका बाजूला कललं.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी हे करा, म्हणजे मूळ जेलपर्यंत पोचतं. कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा. आषाढात हवा दमट असते, त्यामुळे सावलीतली मोठी कुंडी निभावून जाते. लहान कुंड्या आणि कढीपत्ता मात्र शेजारी सोपवून जा. जेल पाणी तयार करत नाही, दिलेलं पाणी हळूहळू सोडतं एवढंच.

माण-खटाव, जत-आटपाडीकडे शेतात याचा उपयोग होईल का?

शेतासाठी वेगळं हायड्रोजेल आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं सेल्युलोजपासून 'पुसा हायड्रोजेल' तयार केलं आहे. ते वजनाच्या किमान 350 पट पाणी धरतं आणि एकरी साधारण 1 ते 2 किलो, पेरणीच्या वेळी मुळांच्या खोलीवर द्यायची शिफारस असते. बरणीतले शोभेचे मणी रानात टाकू नका. आधी एखाद्या वाफ्यात करून बघा, आणि कृषी विज्ञान केंद्रात जमीन व पाणी दोन्ही तपासून घ्या. पाणी खारं असेल तर वर लिहिलेला तीन ग्लासांचा प्रकार रानातही होतो.

जेलमध्ये कोथिंबीर, पुदिना, मिरची लावू का?

खाण्याचं काही लावू नका. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचा मोठा रेणू मुळातून आत जात नाही, पण ते ज्यापासून बनतं ते अ‍ॅक्रिलअमाइड विषारी आहे, आणि शोभेच्या स्वस्त मण्यांत त्याचा अंश किती राहिलाय हे आपण घरी तपासू शकत नाही. पुदिना मातीत एवढा सहज येतो की त्याला बरणीत कोंडायचं कारणच नाही.

जुनं जेल टाकायचं कुठं?

बेसिनमध्ये, मोरीत, संडासात कधीही नाही. आमच्या खालच्या मजल्यावर असं झालं होतं. पाइपच्या वळणात जेल अडकलं, वरून रोज पाणी मिळत राहिलं आणि ते फुगत गेलं. शेवटी पाइप कापावा लागला. जेल जुन्या ताटात पसरून गच्चीवर वाळवा. मेच्या उन्हात तीन-चार दिवसांत परत खड्यांएवढं होतं. चांगलं असेल तर डबीत भरून ठेवा, दोन-तीन वेळा वापरता येतं. खराब असेल तर वाळलेलं पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात. कंपोस्टच्या पिंपात नको, ते लवकर कुजत नाही.

झाड परत मातीत न्यायचं तर कधी आणि कसं?

पावसाळ्याच्या तोंडाला, जूनमध्ये. जेलमध्ये वाढलेली मुळं जाड, पांढरी, ठिसूळ असतात. त्यांना पाणी शोधायची सवय नसते. मुळांना चिकटलेलं जेल ओरबाडून काढू नका, तसंच राहू द्या. माती भुसभुशीत घ्या, त्यात कोकोपीट आणि थोडी वाळू मिसळा. पहिले पंधरा दिवस माती ओलसर ठेवा आणि झाडावर पारदर्शक पिशवी सैलसर घाला. रोज सकाळी थोडा वेळ ती काढायची. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी परत उभी राहायला लागली की झाड मातीत लागतंय असं समजा. मग पिशवी काढा आणि पाणी घालण्याआधी कुंडीतली माती मुठीत दाबून बघायला लागा.